पुनर्स्थापना झालेल्या लघुवितरिकेत गळती आणि फुगलेलं अस्तर: संयुक्त पाहणीत काय बघायचं, काय दुरुस्त करून घ्यायचं?

टेलचा_सचिव

नमस्कार मंडळी. आमच्या पाणी वापर संस्थेकडे लघुवितरिका (शेतांना पाणी देणारा छोटा उपकालवा) हस्तांतरित व्हायची आहे. पुनर्स्थापनेचं काम होऊन दोन आवर्तनं झाली. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत) संपायला साडेतीन महिने उरलेत आणि संयुक्त पाहणीचं पत्र हातात पडलंय.

वितरिका अशी आहे: लांबी ४.२ कि.मी., संकल्पित विसर्ग ३५० लिटर प्रतिसेकंद, तळरुंदी ६० सें.मी., पूर्ण पाणी खोली ५५ सें.मी., बाजूचा उतार दीडास एक, तळाचा उतार ३००० ला १. अस्तर ७५ मि.मी. काँक्रीटचं, दर ३ मीटरला सांधा. विमोचक (शेताकडे पाणी सोडायची दारं) १४.

आता तक्रारी.

१) शीर्षावरच्या (सुरुवातीच्या) फ्ल्यूमवर, म्हणजे पाणी मोजायच्या अरुंद घशाच्या बांधकामावर, ३४० लिटर प्रतिसेकंद दाखवतं, २७०० मीटरवरच्या फ्ल्यूमवर २५०. मधले सगळे विमोचक बंद ठेवून घेतलेली नोंद आहे.

२) सा.क्र. (साखळी क्रमांक, शीर्षापासूनचं अंतर मीटरमध्ये) १३८० ते १४४०, उजवी बाजू. काळ्या मातीतली खोदाई. वीसेक पॅनेल (दोन सांध्यांमधले अस्तराचे तुकडे) आत फुगलेत, काहींना आडवी भेग.

३) सा.क्र. २११५ ला ओढ्यावरच्या मोरीजवळ भरावाच्या पायथ्याला पाणी सुटलं की दुसऱ्या दिवशी ओल येते.

४) सांध्यात सिमेंटचा माल भरलाय, तो बहुतेक ठिकाणी सुटलाय.

५) विमोचकांची दारं गळतात.

ठेकेदाराची माणसं म्हणतात, भेगांवर घोटाई करून देतो, सही करा. करावी का?

---

लेव्हल_आणि_पट्टी

सही आत्ता नको. पण पहिला नंबर भेगांना देऊ नका, फ्ल्यूमला द्या. ३४० आणि २५० हे दोन आकडे खरे आहेत की नाहीत हेच अजून कळलेलं नाही.

आधी हिशेब. तुमच्या छेदाची ओली परिमिती साधारण २.५८ मीटर. २७०० मीटरला जवळपास ७००० चौ.मी. ओलं क्षेत्र झालं. अस्तर असलेल्या कालव्याला दहा लाख चौ.मी. ओल्या क्षेत्रामागे ०.६ घनमीटर प्रतिसेकंद पाझर धरतात. त्या हिशेबाने तुमचा पाझर ४ ते ५ लिटर यायला हवा. ९० लिटर पाझरले असते तर खालची शेतं उपळली असती, नुसती एका मोरीपाशी ओल येऊन भागलं नसतं. म्हणजे बरंचसं पाणी कागदावर हरवतंय.

फ्ल्यूमची सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे मोजपट्टीचा शून्य उंबऱ्याच्या (फ्ल्यूमच्या तळातल्या उंचवट्याच्या) माथ्याशी जुळलेला नसणं. पट्टी मागाहून कुणीतरी खिळे मारून बसवतो. समजा घशाची रुंदी ९० सें.मी. आहे. पट्टीवर ३७.५ सें.मी. असेल तर तक्ता ३४० लिटर देतो. पट्टीचा शून्य उंबऱ्याच्या ३ सें.मी. खाली बसला असेल तर उंबऱ्यावरचं खरं पाणी ३४.५ सें.मी., आणि विसर्ग ३०० लिटर. तीन सेंटिमीटरला चाळीस लिटर! तुमची खरी रुंदी मोजून हाच हिशेब करा: विसर्ग = १.७०५ × ०.९७ × रुंदी × (पाण्याची उंची)^१.५, सगळं मीटरमध्ये, उत्तर घनमीटर प्रतिसेकंदात. ०.९७ हा गुणांक अंदाजी आहे, तुमच्या फ्ल्यूमच्या तक्त्यात असेल तो घ्या.

तपासणी सोपी. पाणी बंद असताना फ्ल्यूमच्या खालच्या अंगाला मातीचा आडबंध घाला आणि टँकरने पाणी सोडा. पाणी उंबऱ्याच्या माथ्याला नुसतं टेकेल, ओलांडणार नाही, अशा वेळी थांबा. पट्टीवर शून्य दिसलं पाहिजे. संथ पाणी खोटं बोलत नाही. गेजची विहीर असेल तर तिची नळी गाळाने बुजलीय का हेही त्याच वेळी कळतं, कारण आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला येत नाही.

दुसऱ्या फ्ल्यूमला वेगळा रोग असू शकतो, बुडीत चालण्याचा. खालच्या अंगाचं पाणी उंबऱ्याच्या वर, वरच्या अंगाच्या उंचीच्या साधारण ८० टक्क्यांपेक्षा जास्त चढलं की तक्ता निकामी. खाली गाळ असेल, पाणकणीस माजलं असेल किंवा तळच चुकीच्या पातळीला घातला असेल तर हे होतं. उंबऱ्यानंतर पाण्याची उडी स्पष्ट दिसते का, ते चालू आवर्तनात बघा.

आता पाहणी. ती दोनदा करायची. एकदा पूर्ण भरून चालू असताना आणि एकदा बंद झाल्यावर २-३ दिवसांत. आठवड्याने गेलात तर ओल सुकून पुरावा गेलेला असतो. बंद झाल्यावर तळात जिथे डबकी उरतात तिथे तळ खाली गेलाय किंवा पुढचा तळ वर आहे. तुमचा उतार ३००० ला १, म्हणजे किलोमीटरला फक्त ३३ सें.मी. तळ ५ सें.मी. वर घातला की दीडशे मीटरचा उतार खाऊन टाकला. डबक्याची खोली पट्टीने मोजून लिहा, ती लेव्हल घेण्याआधीची लेव्हल आहे. मग दर ३० मीटरला ऑटो लेव्हलने तळ आणि दोन्ही काठ घ्या आणि मंजूर लांबछेदाशी (लांबीभर तळाच्या पातळ्या दाखवणाऱ्या नकाशाशी) ताडून बघा.

सोबत घ्यायचं: ३० मीटर टेप, लेव्हल आणि स्टाफ, अर्धा किलोची हातोडी, टोकदार १२ मि.मी. सळई, रंग, बादली आणि मोबाईल. हातोडीने प्रत्येक पॅनेलला पाच ठिकाणी ठोका. भरीव आवाज आला तर पुढे चला, पोकळ आला तर खालची माती बसलीय. भेगा शोधायला पाणी शिंपडा आणि दहा मिनिटं थांबा. पृष्ठभाग सुकतो, पण भेगेत पाणी राहतं आणि काळी रेघ उठून दिसते. पाहणीच्या आदल्या दिवशी सिमेंटची खळ फासलेली असली तरी ही रेघ लपत नाही.

नोंद करताना साखळी क्रमांक, प्रवाहाच्या दिशेने डावी की उजवी, काय दोष, किती लांब-रुंद, आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो. "बऱ्याच ठिकाणी भेगा" असं लिहिलेल्या अहवालाला किंमत नसते.

---

काळी_माती

दुसऱ्या मुद्द्यावर लिहितो. वीस पॅनेल एकाच बाजूला, खोदाईत, आतल्या बाजूला फुगलेली. दोनच कारणं संभवतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा. आधी निदान करा.

पहिलं कारण काळ्या मातीचं फुगणं. अस्तराच्या भेगेतून किंवा वरच्या शेतातून पाणी आत गेलं, माती फुगली, पॅनेल ढकललं. उन्हाळ्यात माती आकसते, मागे पोकळी होते, पुढच्या आवर्तनात पॅनेल मागे पडतं. भेग साधारण उताराच्या खालच्या तिसऱ्या भागात, आडवी. दुसरं कारण मागच्या पाण्याचा दाब. पावसाळ्यात किंवा वरच्या उसाला पाणी भरल्यावर मागची माती भिजलेली असते आणि कालवा एका रात्रीत रिकामा केला की आतला आधार जातो, मागचं पाणी पॅनेलला ढकलतं. असं असेल तर भेगेतून आणि सांध्यातून कालवा बंद झाल्यावर पाणी आत झिरपताना दिसतं.

एक पॅनेल काढून अस्तरामागची माती घ्या. ती ४२५ मायक्रॉन चाळणीतून गाळा, १०-१० ग्रॅम दोन १०० मि.ली. नळ्यांत टाका, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून २४ तास ठेवा. पाण्यातल्या थराची उंची रॉकेलपेक्षा निम्म्याहून अधिक वाढली, म्हणजे ५० टक्क्यांच्या वर गेली, तर माती चांगलीच फुगणारी. प्रयोगशाळेचा अहवाल मागायला हा आधार पुरतो. प्रत्यक्ष फुगण्याचा दाब मात्र प्रयोगशाळेतूनच घ्यावा लागेल.

फुगणारी माती निघाली तर अस्तराखाली न फुगणाऱ्या चिकण मुरुमाचा थर हवा, ज्याला सगळे सीएनएस म्हणतात. आयएस ९४५१ मध्ये विसर्ग आणि फुगण्याचा दाब यांवरून जाडीचा तक्ता दिलाय, मोठ्या कालव्यांना पाऊण मीटर ते मीटरभर. तुमच्या विसर्गाला ४० सें.मी. धरून हिशेब सांगतो, खरी जाडी चाचणीवरून ठरवा. पाणी खोलीवर ३० सें.मी. फ्रीबोर्ड (पाण्याच्या वरचा मोकळा काठ) धरला तर उताराची लांबी साधारण १.५३ मीटर. एका पॅनेलला ३ × १.५३ × ०.४०, म्हणजे १.८४ घ.मी. दाबलेला मुरूम. वीस पॅनेलला ३७ घ.मी., सुटा धरला तर ४६, म्हणजे १६ ब्रासच्या आसपास. काँक्रीट पॅनेलमागे ०.३४ घ.मी., सिमेंट सव्वादोन पोती.

चूक कुठे होते? मुरूम नुसता दिसायला मुरूम असतो, त्यात चिकटपणा नसतो. असा खडबडीत मुरूम गाळणीसारखं पाणी आत पोचवतो आणि मागची काळी माती आणखी भिजते. द्रवमर्यादा ३० ते ५०, आकार्यता निर्देशांक १५ ते ३० (मातीचा चिकटपणा सांगणारे प्रयोगशाळेतले आकडे) अशी माती मागा आणि आणणाऱ्याला खाणीचं नाव लिहून द्यायला लावा. थर सुटे १५ सें.मी., ओलावा योग्य, उतारावर ३० सें.मी. जास्त भरून दाबायचं आणि मग छाटायचं. काठावरचा शेवटचा वीतभर भाग रोलरखाली नीट दबत नाही आणि नेमका तोच पुढे खचतो. जाडी उताराला काटकोनात मोजतात. उभी मोजली तर ४० च्या जागी ३३ च मिळते.

पॅनेल फोडायचं तर सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण. मधेच तुकडा कापून ठिगळ लावलं की त्याच्या चारही कडा नव्या भेगा होतात.

मागच्या पाण्याचा दाब असेल तर मुरुमाने भागणार नाही. अस्तरामागे गाळणीचा थर आणि पाणी निघायला छिद्रं किंवा दाब सोडणारे व्हॉल्व्ह हवेत. आणि कालवा बंद करताना घाई नको. तासाला १५ सें.मी. पेक्षा जास्त पातळी उतरवू नका, २४ तासांत ३० सें.मी. पुष्कळ. तुमच्या ५५ सें.मी. खोलीला दोन दिवस. पाटकऱ्याला हे लिहून द्या. एरवी रात्री गेट पाडून मोकळा होतो.

---

मिस्त्री_कामवाले

एवढं सगळं कशाला, भेग खरडून १:३ चा माल दाबून भरायचा, वर घोटाई. वर्षभर टिकतं, स्वस्त पडतं.

---

लेव्हल_आणि_पट्टी

वर्षभर टिकतं म्हणजे दोषदायित्व संपेपर्यंत टिकतं, हेच तर.

भेगांची वर्गवारी करा. केसासारख्या, पाव मि.मी. च्या आतल्या भेगा आकुंचनाच्या, त्या सोडून द्या. त्याहून मोठ्या, पण दोन्ही कडा एका पातळीत, त्या खाच पाडून लवचीक सीलंटने भरा. दोन्ही कडांत पायरी पडलीय, बोट फिरवलं की कळते, तिथे खालची माती गेलीय. ते पॅनेल काढल्याशिवाय इलाज नाही.

सांध्यात सिमेंटचा माल हा तुमचा चौथा मुद्दा. सांधा हलण्यासाठी असतो. तो माल घालून घट्ट केला की पॅनेल सांध्याशेजारी तडकतं. माल काढा, १० ते १२ मि.मी. रुंद, २०-२५ मि.मी. खोल खाच कोरा, तारेच्या ब्रशने आणि हवेच्या झोताने साफ करा, पूर्ण कोरडी होऊ द्या, प्रायमर लावा, मग सीलंट. नुसतं डांबर ओतलं तर मेमध्ये उतारावरून ओघळून तळात गोळा होतं. रबर मिसळलेलं गरम सीलिंग कंपाउंड किंवा पॉलिसल्फाइड मागा. ओल्या खाचेत भरलेलं सीलंट पहिल्याच आवर्तनात दोरीसारखं निघून येतं.

---

टेलचा_सचिव

मोरीबद्दल कुणी सांगाल का? ओल नेमकी मोरीच्या पंखभिंतीला (तोंडाच्या बाजूच्या तिरक्या भिंतीला) लागून भरावाच्या पायथ्याला आहे. पाणी चालू झाल्यावर २४ तासांनी दिसते. चमच्याएवढा गाळही जमतो खाली.

---

भराव_आणि_मोरी

गाळ जमतो म्हणालात ते महत्त्वाचं. नुसती ओल आणि स्वच्छ पाणी असेल तर लक्ष ठेवून काम पुढच्या बंदीत करता येतं. पाण्याबरोबर माती येत असेल तर भरावात नळी तयार व्हायला लागलीय. ती खालून वर, आतल्या दिशेने वाढत जाते आणि एके दिवशी कालवा फुटतो. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला तेव्हा घुशी आणि खेकड्यांच्या बिळांची बरीच चर्चा झाली होती. बीळ असो की बांधकामाची कड, पाण्याला सरळ वाट मिळाली की झालं.

आधी पाण्याचा रंग बघा. काचेच्या बाटलीत गळतीचं पाणी घ्या, तासभर ठेवा, तळाला थर बसतो का बघा. रोज त्याच वेळी, बाटलीवर तारीख टाकून. थर वाढत असेल तर आवर्तन थांबवायला सांगा.

चालू पाण्यात तात्पुरता इलाज लागलाच तर बाहेरचं तोंड माती टाकून बुजवू नका. पाणी दुसरीकडून फुटतं. तोंडावर उलटी गाळणी टाका: आधी १५ सें.मी. स्वच्छ वाळू, तिच्यावर ६ ते १० मि.मी. खडी, तिच्यावर २० ते ४० मि.मी., मग वाळूची पोती गोल रचा. पाणी येऊ दे, माती थांबली पाहिजे. बंद करायचं ते आतल्या, कालव्याच्या बाजूने.

कायमचं काम असं. रोग बहुतेक वेळा पंखभिंतीजवळच्या दाबाईत असतो. रोलर भिंतीला टेकत नाही, म्हणून भिंतीलगतचा अर्धा मीटर भराव सुटा राहतो आणि पाणी भिंत धरून चालतं. तो भाग मोरीच्या नळीपर्यंत पूर्ण खोदा, जुन्या भरावात पायऱ्या कापा, भिंत खरखरीत करून चिकणमातीचं पाणी लावा, मग ३० सें.मी. जाडीचा चिकणमातीचा पडदा भिंतीला लागून, १० सें.मी. च्या थरात हाताच्या धुमसाने ठोकून. धुमस मारला की खूण उमटू नये इतकं दाबायचं. नळीचे सांधेही आतून बघा, टॉर्च घेऊन. दोन नळ्यांच्या सांध्यातून भरावाची माती ओढ्यात पडत असेल तर वर कितीही ठोका, उपयोग नाही.

आणि मोरीच्या दोन्ही बाजूंना २०-२० मीटर भरावावर सळई खुपसून बघा. सहज आत गेली तिथे बीळ किंवा पोकळी. बीळ तोंडाशी बुजवायचं नसतं, शेवटपर्यंत खणून मग ओली माती थराथराने भरायची. भरावावरची वेडी बाभूळ मुळासकट काढा, नुसती तोडली तर मुळं कुजून तीच नळी होते. हरळी मात्र राहू द्या.

---

संस्था_दप्तर

कागदाचं बोलतो. २००५ च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन कायद्याने संस्थेला पाणी घनमापनाने मिळतं, म्हणजे तुमची पाणीपट्टी आणि तुमचा कोटा दोन्ही त्या शीर्षावरच्या फ्ल्यूमवर ठरणार. शून्य ३ सें.मी. ने चुकलेला असेल तर तुम्ही ४० लिटर न मिळालेल्या पाण्याचे पैसे भराल. म्हणून यादीत एक नंबरला फ्ल्यूमची कॅलिब्रेशन तपासणी, लेव्हलच्या आकड्यांसह.

पाहणी शाखा अभियंता, ठेकेदाराचा माणूस आणि संस्था अशा तिघांनी एकत्र, चालत. यादी जागेवरच लिहा, तिघांच्या सह्या तिथेच, आणि संस्थेची प्रत त्याच दिवशी. नंतर टाइप करून पाठवतो म्हणाले तर नंतर पाच दोषांचे दोन झालेले असतात. पत्र कार्यालयात देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. दोषदायित्वाची शेवटची तारीख पत्रात लिहा.

दोष आणि देखभाल वेगळ्या तक्त्यात घ्या, नाहीतर एकमेकांच्या आड लपतात. फुगलेली पॅनेल, सुटलेले सांधे, मोरी, चुकीची तळपातळी, न बसणारी दारं हे दोष, ठेकेदाराच्या खर्चाने. गाळ, बेशरम, पाणकणीस ही देखभाल, हस्तांतरणानंतर तुमच्या गळ्यात. तीही हलकी समजू नका: तुमच्याच छेदात तळ खरखरीत होऊन खरखरीतपणाचा (मॅनिंगचा) गुणांक ०.०१८ चा ०.०२५ झाला तर त्याच ५५ सें.मी. खोलीत ३६० च्या जागी २६० लिटरच वाहतात.

दारांची गळती बादलीने मोजा. १५ लिटरची बादली १० सेकंदांत भरली तर दीड लिटर प्रतिसेकंद. एका दारातून दिवसाला जवळपास १३० घनमीटर. चौदा दारांचा तक्ता करून जोडला की चर्चा लवकर संपते.

दोष दुरुस्त होईपर्यंत ताबा घेऊ नका, असं माझं मत. काही जण ताबा घेऊन यादी लावून द्या म्हणतात, पण ताबा दिल्यावर कार्यालयाचा उत्साह उरत नाही.

---

लेव्हल_आणि_पट्टी

शेवटच्या मुद्द्यावर थोडा मतभेद. मोरी आणि फ्ल्यूम यांवर अडून बसा, बाकीच्यासाठी तारखा घालून ताबा घेता येतो. नाहीतर उन्हाळी आवर्तन हातचं जाईल.

वेळापत्रक असं बसतं: रब्बीचं शेवटचं आवर्तन बंद झाल्यावर पहिल्या ३ दिवसांत पाहणी, पहिल्या १० दिवसांत पॅनेल फोडून मुरूम आणि काँक्रीट, पुढे १४ दिवस गोणपाटाखाली क्युरिंग. बंदी साडेतीन आठवड्यांपेक्षा कमी असेल तर सगळी पॅनेल एकदम फोडू देऊ नका. अर्धवट उघडी काळी माती आणि आवर्तन सुटलं तर वीसची चाळीस होतील.

दुरुस्तीनंतर फुगलेल्या पॅनेलांच्या भागासह ३०० मीटरची साठवण चाचणी मागा. दोन्ही टोकांना प्लास्टिक लावून मातीचे आडबंध, पूर्ण पातळीपर्यंत पाणी, एक दिवस मुरू द्या. मग २४ तासांची घट मोजा. बाष्पीभवन वजा करून तुमच्या छेदात ६ सें.मी. च्या आसपास घट चालेल. १५ च्या पुढे गेली तर पुन्हा हातोडी घेऊन त्याच पट्ट्यात उतरा. मोजपट्टी बांधावर रोवू नका, बांध भिजून खचतो. अस्तरात ठोकलेल्या खिळ्यावरून मोजा.

---

टेलचा_सचिव

आज शून्य तपासला. पाणी उंबऱ्याला टेकलं तेव्हा पट्टी २.६ दाखवत होती. घशाची रुंदी ९० च आहे. बाटली उद्यापासून लावतो.